तिसरी तार

आमच्या कारखान्याच्या फाटकावर पाटी नव्हती. आत भिंगं घासतात आणि कॅमेरे जुळवतात हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण बाहेरच्या कुणी विचारलं तर "टपालपेटी अमुक नंबर" एवढंच सांगायचं, अशी रीत होती. मॉस्कोहून गाडीने तासाभराचं अंतर. सहा नंबरच्या खोलीत मी चौदा वर्षं काढली. माझं नाव रिम्मा येगोरोव्हना लाप्शिना. माझ्या हाताखालून गेलेले तीन कॅमेरे अवकाशात जाऊन आले. त्यातल्या तिसऱ्याची ही हकिकत आहे.

यानाचं दार उघडून बाहेर पडलेली माणसं तेव्हा एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती. आणखी एक जण जाणार होता, त्याचा जोडीदार आतच थांबणार होता. दाराबाहेर एका कड्यात बसेल असा चलचित्राचा कॅमेरा आम्ही बनवायचा होता. बाहेर आलेल्या माणसाचं चित्रण त्याने करायचं आणि परत आत जाताना त्या माणसानेच तो कड्यातून काढून सोबत न्यायचा. फिल्म बारा मिनिटांची. कॅमेऱ्याच्या भागांचे नकाशे सुटे सुटे यायचे आणि त्यांच्यावर शीर्षक नसायचं. आमचा फोरमन वेनियामिन लुकिच ते आपल्या कपाटात ठेवी आणि किल्ली गळ्यात बांधी. युद्धात त्याचे पुढचे दात गेले होते. खोट्या दातांमुळे तो फार बोलायचा नाही, आणि बोललाच तर खेकसायचा.

सप्टेंबरात तो माणूस पहिल्यांदा आला. आम्हाला फक्त 'एफिम साव्हेलिच' एवढंच नाव सांगितलं होतं. आडनाव विचारायचं नाही. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, व्होल्गाकाठचा. हात एवढे मोठे की माझा कॅमेरा त्यात साबणाच्या वडीसारखा दिसला. सोबत आणलेला जाडजूड हातमोजा त्याने चढवला, बटण दाबायला गेला, आणि दाबता येईना.

"हे बटण कुणासाठी केलंय? चिमणीसाठी?"

"नकाशात असंच आहे," वेनियामिन लुकिच म्हणाला.

"मग नकाशालाच पाठवा ना वर. माझी बायको तुमचे उपकार मानेल."

मला हसू आवरलं नाही. फोरमन माझ्याकडे वळला. "लाप्शिना, दात दाखवायचे तर दंतवैद्याकडे जा."

मी उठले, कँटीनमध्ये गेले आणि अॅल्युमिनियमचा एक चमचा उचलून आणला. त्याचं देठ कापलं, वाकवलं आणि दोन बारीक स्क्रूंनी बटणावर बसवलं. वीस मिनिटांचं काम. एफिम साव्हेलिचने पुन्हा हातमोजा चढवला आणि मनगटाने नुसता धक्का दिला. कॅमेरा घरघरायला लागला.

"आता कसं! वर सूप प्यायचीही सोय झाली."

"पिऊन झालं की धुऊन आणा," मी म्हणाले. "कँटीनवाली मोजून घेते."

त्यानंतर तो दर पंधरवड्याला यायचा. अंधाऱ्या पिशवीत हात घालून रीळ कसं बदलायचं, कड्यातून कॅमेरा कसा सोडवायचा, हे मी त्याला शिकवत होते. चुकला की स्वतःलाच शिव्या द्यायचा, आणि मग माझी माफी मागायचा. एकदा घरी सुकवलेल्या माशांची जुडी घेऊन आला. फोरमनने नाक मुरडलं आणि सगळ्यात मोठा मासा त्यानेच उचलला.

नोव्हेंबरात निर्वात टाकीतल्या चाचण्या सुरू झाल्या. हवा काढून घेतली की वंगण उडून जातं, फिल्म वाळक्या पानासारखी होते. पहिली फिल्म धुतली तेव्हा प्रत्येक चौकटीत निष्पर्ण झाडं उमटलेली दिसली. बर्फातली असावीत तशी, फांद्याच फांद्या. कोरडी फिल्म धातूवर घासून ठिणग्या पडतात, त्यांच्या त्या खुणा. कारण मला ठाऊक होतं. तरी ती झाडं बघून अंगावर काटा आला. मी फिल्मच्या वाटेतल्या धातूच्या कडा घासून गोल केल्या, फिल्मचा ताण थोडा सैल केला, आणि पाचव्या चाचणीपर्यंत झाडं गेली.

डिसेंबरच्या सुरुवातीला अर्नोल्ड कार्लोविच आला. तो कुठल्या खात्याचा हे कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. पन्नाशीचा, करडा कोट, स्वच्छ नखं. फार मऊ बोलायचा. खिशातून पुदिन्याच्या गोळ्यांची डबी काढायचा आणि आधी समोरच्याला द्यायचा.

"घ्या ना, रिम्मा येगोरोव्हना. घशाला बरं वाटतं."

मी घेतली. त्याने एक-दोन पानांएवढाच नकाशाचा कागद टेबलावर पसरला. कॅमेऱ्याला दोन तारा होत्या, वीज येण्याची आणि जाण्याची. आता तिसरी जोडायची होती. जमिनीवरून हुकूम आला की तिच्यातून एक खटका पडणार, मोटार थांबणार. एकदा थांबली की पुन्हा सुरू होता कामा नये. आणि ज्या डब्यात चित्रण झालेली फिल्म गुंडाळली जाते, त्या डब्यात गव्हाच्या दाण्याएवढा एक दिवा बसवायचा. खटका पडला की तो दिवा लागणार.

मी कागद दोनदा वाचला. "फिल्मच्या डब्यात दिवा?"

"हो."

"फिल्म खराब होईल."

"होईल," तो म्हणाला.

मला वाटलं, या माणसाला फिल्ममधलं काही कळत नाही. म्हणून मी समजावून सांगायला लागले. "अहो, पण सगळी नाही होणार. रीळ घट्ट गुंडाळलेलं असतं. उजेड आतपर्यंत जातच नाही. वरचे दोन-तीन वेढे काळे पडतील, बस्स. शेवटचं मिनिटभराचं चित्रण तेवढं जाईल, बाकी सगळं—"

मी बोलता बोलता थांबले. तो माझ्याकडे शांतपणे बघत होता.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "मिनिटभर पुरे."

मग त्याने एक कागद पुढे केला आणि मी सही केली. या तारेबद्दल कुणाशीही बोलणार नाही. 'कुणाशीही' या शब्दाखाली रेघ मारलेली होती. वेनियामिन लुकिचनेही सही केली. अर्नोल्ड कार्लोविच गेल्यावर तो बराच वेळ खिडकीपाशी उभा राहिला. "आठवड्यात झालं पाहिजे," एवढंच बोलला.

मी ते काम केलं. खोटं कशाला बोलू? हात कामाला सरावलेले असतात, त्यांना काम दिलं की ते करतात. डोकं मात्र करत नव्हतं. जेवताना, भांडी घासताना, बसच्या रांगेत, मला ते मिनिट दिसायचं, बाहेरच्या माणसाचं शेवटचं. माझे वडील बेचाळीस साली रझेव्हच्या आघाडीवर गेले. 'बेपत्ता' असा कागद आला. आई पन्नास सालापर्यंत स्टेशनवर जायची. परत येणाऱ्या प्रत्येक सैनिकाला गाठायची आणि विचारायची, तुम्ही त्यांना पाहिलंत का? शेवटी कुठे पाहिलं? काय करत होते? कुणीतरी 'मेलेले पाहिले' असं सांगितलं असतं तरी तिने त्याच्या गळ्यात पडून आभार मानले असते.

जानेवारीत एफिम साव्हेलिच आला तेव्हा कॅमेरा तयार होता. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला, बोट तारांवर आलं.

"ही तिसरी कशाची?"

फोरमन खोलीतच होता. त्याने कानस उचलली आणि काहीतरी घासायला लागला.

"गरम ठेवायला," मी म्हणाले. "थंडीत फिल्म तुटते ना."

तो वीस वर्षं विमानं उडवत होता. तारेची जाडी बघून तिच्यातून किती वीज जाते हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत असणार. त्या केसाएवढ्या तारेने सुई तापली नसती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत होते.

"गरम ठेवायला," तो म्हणाला. "बरं केलंत. मलाही थंडी सोसत नाही."

त्या दिवशी तो एकही विनोद न करता गेला.

फेब्रुवारीच्या शेवटी कॅमेऱ्याची शेवटची तपासणी झाली. अर्नोल्ड कार्लोविचसमोर फिल्म चालवली, हुकूम दिला, खटका पडला, फिल्म धुतली. शेवटचं मिनिट कोळशासारखं. त्याने मान हलवली, सगळ्यांना एकेक गोळी दिली. आता डबा माझ्याकडे आला. साफ करायचा, खरी फिल्म भरायची, लाखेचं सील लावून द्यायचा. अर्नोल्ड कार्लोविचला दुपारी अडीचची गाडी होती. माझ्याकडे पाऊण तास होता.

मी खोलीचं दार लोटलं. कॅमेऱ्याच्या पोटात उजेड परतू नये म्हणून आम्ही आतून काळं रोगण लावतो, ते एका बाटलीत शेल्फवर असायचं. सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि त्या दाण्याएवढ्या दिव्याला रोगण लावलं. एक हात. फुंकर मारली. दुसरा हात. काचेचा ठिपकाही उघडा राहू दिला नाही. दिवा लागला असता, वीज वाहिली असती, सगळं नियमाप्रमाणे झालं असतं. फक्त उजेड बाहेर आला नसता.

इतक्यात दार उघडलं. वेनियामिन लुकिच आत आला. मी डब्यावर फडकं टाकलं. रोगणाचा वास खोलीभर होता. त्याने हवेत नाक वर केलं, फडक्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. तिचं बूच अजून टेबलावर होतं.

मी फडक्यावर हात ठेवला.

तो खिडकीपाशी गेला. हिवाळ्यासाठी फटींना चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या त्याने टराटरा फाडल्या आणि खिडकी सताड उघडली. बाहेरची गार हवा भस्सकन आत आली.

"डोकं दुखतंय माझं," तो म्हणाला. "बूच लाव."

आणि निघून गेला.

मार्च महिना उजाडला. उड्डाण झाल्याचं आम्हाला इतरांसारखंच रेडिओवर कळलं. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला कँटीनमध्ये सगळा कारखाना जमला. निवेदकाने एफिम साव्हेलिचचं पूर्ण नाव घेतलं. गोर्दीव. तेव्हा पहिल्यांदा मला त्याचं आडनाव कळलं. यानाचं दार उघडलं आहे, तो बाहेर आला आहे, तब्येत उत्तम आहे. बायका टाळ्या वाजवत होत्या. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.

मग निवेदकाचं वाक्य अर्ध्यात तुटलं. खरखर झाली आणि संगीत सुरू झालं. गंभीर, संथ, नुसती तंतुवाद्यं.

आमच्या पिढीला ते संगीत सांगावं लागत नाही. कुणी मोठं गेलं की तेच वाजतं. टाळ्या थांबल्या. कँटीनवालीने पळीभर लापशी तशीच हातात धरली होती. कुणी जागचं उठलं नाही. माझ्यासमोर वेनियामिन लुकिच उकडलेलं अंडं सोलत होता. सोलून झालं तरी त्याची बोटं अंड्यावरून फिरत राहिली, नसलेलं टरफल शोधत. मी घड्याळाकडे बघत होते. बारा मिनिटांची फिल्म. बारा मिनिटं झाली. वीस झाली. चाळीस झाली.

एक तास दहा मिनिटांनी संगीत थांबलं. निवेदकाने अगदी नेहमीच्या आवाजात सांगितलं की कार्यक्रम पार पडला, दोन्ही अंतराळवीर यानात आहेत, प्रकृती ठीक आहे. मधल्या वेळाबद्दल एक शब्द नाही. माणसं ओरडली, एकमेकांच्या गळ्यात पडली. माझ्या शेजारची मुलगी रडत होती. मी अजून घड्याळाकडेच बघत होते.

आठ दिवसांनी अर्नोल्ड कार्लोविच सीलबंद पेटी घेऊन आला; जोडीदाराने कड्यातून काढून आत आणलेला कॅमेरा तिच्यात होता. फिल्म इतकी वाळली होती की मॉस्कोतल्या लोकांनी हात लावायला नकार दिला होता. आमच्या प्रयोगशाळेत ती भिजवून, हळूहळू नरम करून धुतली. फिल्म काढून धुण्याचं काम अंधारात दुसऱ्याने केलं आणि रिकाम्या डब्याला झाकण लावून पुन्हा सील केलं, पण टेबलावर ती फिरवून दाखवायला मी हवी होते, कारण ती कुठे तुटेल हे मला कळत होतं. खोलीत आम्ही तिघंच. तो, फोरमन आणि मी.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. पांढरंफटक आकाश, आणि त्यात काळा माणूस. पहिली चार मिनिटं छान होती. काळा माणूस दोरीच्या टोकाला हात पसरून तरंगत होता, एकदा त्याने आमच्याकडे बघून हात हलवला. मग तो दाराकडे वळला. पोशाख फुगला होता. पाय आत जात, अडकत, बाहेर येत. पुन्हा. पुन्हा. सहाव्यांदा त्याने दाराची कड सोडून दिली. सातव्या मिनिटाच्या आसपास तो नुसता लोंबकळायला लागला. डोकं एका बाजूला. दोरी त्याला सावकाश गोल फिरवत होती.

मी चाक फिरवत राहिले. अर्नोल्ड कार्लोविच माझ्या खांद्यावरून बघत होता. मला त्याच्या तोंडाचा पुदिन्याचा वास येत होता. आठवं मिनिट. नववं. ही फिल्म आता काळी पडायला हवी होती. ती स्वच्छ होती.

नऊ मिनिटं आणि काही सेकंदांवर त्या माणसाचा उजवा हात हलला. मूठ मिटली, उघडली. पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. मग त्याने तो हात उचलला आणि दाराच्या कडेकडे नेला. बोटं कडेला टेकायला वीतभर अंतर उरलं होतं, आणि तिथे चित्रण संपलं. पुढची फिल्म कोरी होती. अडीच मिनिटांची.

हुकूम आला होता. तो हात उचलत होता तेव्हा.

अर्नोल्ड कार्लोविचने मला मागे जायला सांगितलं, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. तीनदा. मग सरळ उभा राहिला.

"दिवा लागलेला नाही," तो म्हणाला. "डबा उघडा."

मी डब्याकडे हात नेला. सीलवर बोट ठेवून थांबले. तेवढ्यात वेनियामिन लुकिचने मला कोपराने बाजूला सारलं.

"व्हा बाजूला! बायकांच्या हातात दिलं की असंच होतं. सीलखालची वस्तू आहे, फोरमननेच उघडायची असते."

त्याने डबा स्वतःपुढे ओढला, आमच्याकडे पाठ केली, झाकण फिरवलं. बारीकसा आवाज झाला. ऊ चिरडल्यासारखा, एवढासा.

"फुटलाय," तो म्हणाला आणि डबा पुढे केला. "उतरताना यान जंगलात आदळलं ना. काच कशी टिकणार?"

डब्यात चुरा होता, काळपट. अर्नोल्ड कार्लोविचने तो नखाने हलवून पाहिला.

"काळा का?"

"उडाल्यावर काळाच होतो दिवा. तुमच्या घरी उडत नाहीत का?"

फोरमनचा उजवा हात पाठीमागे होता. मी त्याच्या मागे उभी होते. अंगठ्यातून रक्त येऊन कोटाच्या मागच्या घोळावर पडत होतं. अर्नोल्ड कार्लोविचने दोन क्षण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कात्री मागितली. फिल्मचं शेवटचं टोक त्याने मोजून कापलं, पाकिटात घातलं आणि पाकीट छातीच्या खिशात ठेवलं.

"हे आपण पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "घ्या, गोळी घ्या."

आम्ही घेतल्या.

पहिल्या चार मिनिटांतली चौकट सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आली. शाळाशाळांत तिची चित्रं लागली. मी फोरमनशी त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाही, त्यानेही विषय काढला नाही. अंगठ्याला त्याने पंधरा दिवस पट्टी बांधली होती. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पाव कापताना."

जुलैत एका रविवारी मी बाजाराच्या कोपऱ्यावर क्वासच्या, म्हणजे पाव आंबवून केलेल्या गार पेयाच्या, पिवळ्या टाकीपुढे रांगेत उभी होते. हातात किटली. मागून कुणीतरी म्हणालं, "रिम्मा येगोरोव्हना, मागे बघू नका. चला, पुढे सरकत राहा."

आवाज ओळखला. तिरक्या डोळ्याने पाहिलं. गवताची टोपी, काळा चष्मा, मळका शर्ट. खूप वाळला होता.

"इथे कशाला आलात?" मी कुजबुजले.

"तहान लागली म्हणून." जरा थांबून म्हणाला, "मला काही आठवत नाही. आत शिरायची धडपड आठवते, आणि मग आत होतो ते आठवतं. मधलं नाही. डॉक्टर म्हणतात तू बेशुद्ध होतास. वरचे साहेब म्हणतात, फिल्म संपली म्हणून कॅमेरा थांबला. माझ्या जोडीदाराला दारू पाजली तेव्हा तो रडायला लागला. म्हणाला, मला दार बंद करायला सांगितलं होतं रे, मी ऐकलं नाही. एवढंच बोलतो आणि गप्प होतो. तुम्ही फिल्म पाहिलीत. संपली होती का ती?"

रांग पुढे सरकली. आमच्यापुढे चार माणसं होती.

"मी सही केलीय, एफिम साव्हेलिच."

"ठाऊक आहे. 'गरम ठेवायला' म्हणालात तेव्हाच कळलं होतं मला. मी रागावलो नाही. तुमच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. पण मला रात्री झोप येत नाही हो. मी मेलेलाच होतो म्हणून त्यांनी सोडून दिलं, असं असेल तर माझं काही म्हणणं नाही. युद्धात आम्हीही सोडलेत. फक्त तेवढं सांगा. मी हलत होतो का?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर तो घरी गेला असता, जेवला असता, कदाचित झोपलाही असता. कदाचित पुन्हा वर गेला असता. हे सगळं मला त्या चार माणसांच्या अवधीत सुचलं. आणि स्टेशनवर लोकांच्या बाह्या ओढणारी आईही आठवली.

"अडीच मिनिटांची फिल्म शिल्लक होती," मी म्हणाले.

तो एक पाऊल जवळ सरकला.

"तुम्ही हात उचलला होता. दाराच्या कडेकडे. एवढं अंतर होतं." मी किटलीवर बोटांनी वीत मोजून दाखवली.

टाकीवाली ओरडली, "ए ताई, किटली पुढे कर, झोपलीस का?" मी किटली पुढे केली. ती भरून वळले तोवर तो रांगेतून गेला होता. टोपी माणसांच्या डोक्यांवरून थोडा वेळ दिसली, मग तीही दिसेनाशी झाली.

त्याने काय केलं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्याने त्या अडीच मिनिटांबद्दल वरपर्यंत अर्ज लिहिला. उत्तर आलं नाही, म्हणून दुसरा लिहिला. तिसरा लिहायला बसला तोवर ऑक्टोबर आला होता. एका सोमवारी सकाळी दोन माणसं सहा नंबरच्या खोलीत आली आणि त्यांनी माझं नाव घेतलं. मी एप्रन काढला. वेनियामिन लुकिच टेबलाच्या पलीकडून उठला. "हिचं काम अर्धवट आहे," तो म्हणाला, "कोण करणार ते?" त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

एका खोलीत मला सहा तास बसवलं. अर्नोल्ड कार्लोविच समोर होता. आवाज तसाच मऊ. या वेळी त्याने गोळी दिली नाही. गोर्दीवला अडीच मिनिटांचा आकडा कुठून कळला, एवढा एकच प्रश्न तो विचारत होता. शब्द थोडे फिरवून, पुन्हा पुन्हा. मी म्हणत राहिले की बारा मिनिटांची फिल्म आहे हे त्याला मीच शिकवलं होतं, वजाबाकी त्याला येत असेल. दिव्याबद्दल त्याने शेवटी विचारलं, अगदी उठता उठता.

"तो उडाला होता, की फुटला होता, रिम्मा येगोरोव्हना? फोरमन दोन्ही म्हणाला होता."

"मला दिसलं नाही. तो पाठ करून उभा होता."

एवढं बोलले आणि लगेच कळलं की मी काय बोलून बसले; फोरमनने पाठ केली होती याची आठवण मीच करून दिली होती. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि मला घरी जायला सांगितलं.

मंगळवारी वेनियामिन लुकिच कामावर आला. बुधवारी आला नाही. प्रकृतीच्या कारणाने निवृत्त केलं, असं सूचनाफलकावर लागलं. त्याची खोली कारखान्याच्या वसाहतीत होती, तीही काढून घेतली. बायकोच्या माहेरी, कुठेतरी पर्मच्या पलीकडे गेले म्हणतात. मी निरोप द्यायला गेले तोवर दाराला नवं कुलूप लागलं होतं.

मला नाटक बघायच्या छोट्या दुर्बिणी जुळवायच्या खोलीत टाकलं. निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होते. गोर्दीवची बदली अतिपूर्वेच्या एका हवाई तळावर झाली, हवामानाच्या विमानांवर. शाळांतलं ते चित्र तसंच राहिलं, पण पुढच्या वर्षीच्या छपाईत खालचं नाव नव्हतं. नुसतं 'सोव्हिएत अंतराळवीर, यानाबाहेर'. चेहरा तसाही झाकलेलाच होता, काचेआड.

त्याच्या बायकोचं एक पत्र मला दोन वर्षांनी आलं. कुणाच्या तरी हाती पाठवलेलं, पाकिटावर पत्ता नाही, तो आत. विमान समुद्रावर गेलं ते परत आलं नाही, असं तिने लिहिलं होतं. शोध तीन दिवसांनी थांबवला. तिला मिळालेल्या कागदावर एकच शब्द होता, माझ्या आईला आलेल्या कागदावरचाच, आणि तो मला वाचायची गरज नव्हती. खाली तिने विचारलं होतं, तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंत, तुम्हाला काही ठाऊक आहे का?

मी तीनदा उत्तर लिहायला बसले. विमानाबद्दल मला खरंच काही ठाऊक नव्हतं. जे ठाऊक होतं ते लिहिलं असतं, तर पत्र तिच्यापर्यंत पोचलं नसतं. आणि चुकून पोचलंच असतं, तर तिनेही अर्ज लिहिले असते.

मी उत्तर पाठवलं नाही.